शाळेच्या फाटकाच्या आत

सिडकोच्या नियोजनात एक साधे सूत्र होते : दर पाच हजार वस्तीमागे एक प्राथमिक शाळा, दर साडेबारा हजारांमागे एक माध्यमिक शाळा. नवीन पनवेलचे सेक्टर या हिशेबाने आखले गेले. नियोजनाच्या कागदांत हे सूत्र सोयींच्या रकान्यात येते. मी मात्र ते सुरक्षिततेचे सूत्र म्हणून वाचतो. पाच हजार वस्तीची शाळा म्हणजे पहिलीतल्या मुलाला पायी जाता येईल इतक्या अंतरावरची शाळा. महामार्ग ओलांडायला नको, वाहनात बसायला नको. वाटेवरचे दुकानदार मुलाला नावाने ओळखतील, हेही त्यात न बोलता आलेच.

प्रत्यक्षात काय झाले ते सकाळी सात वाजता कुठल्याही सेक्टरच्या नाक्यावर उभे राहिले की दिसते. १९९८ मध्ये हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली, वस्ती वाढली आणि पालकांनी शाळा निवडली ती अंतर पाहून नव्हे, माध्यम आणि नाव पाहून. आज घराजवळची शाळा ओलांडून मुले दूरच्या शाळेत जातात आणि व्हॅनचा चालक हा त्यांच्या दिवसातला पहिला अनोळखी मोठा माणूस असतो. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आता फाटकाच्या आधीच सुरू होतो. पण या लेखाचा विषय मुख्यतः फाटकाच्या आतला आहे. प्राथमिक शाळेत मूल सुखरूप राहिले पाहिजे, ही शासनाची आणि कायद्याची जबाबदारी आहे, असे आपण कधीपासून मानू लागलो? जुने कायदे, निकाल आणि शासन निर्णय लावून पाहिल्यावर मला जे दिसले ते येथे मांडतो.

सुरुवात छडीपासून करावी लागते. १८६० साली इंग्लंडमधल्या ईस्टबोर्न येथे टॉमस हॉपली नावाच्या शिक्षकाने पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याला इतके मारले की तो मेला. हॉपलीला शिक्षा झाली. पण त्या खटल्यात न्यायालयाने सांगितलेले तत्त्व पुढे शंभर वर्षे शिक्षकांच्या उपयोगी पडले : पालकाला आणि पालकाच्या वतीने शिक्षकाला मुलाला माफक आणि वाजवी शारीरिक शिक्षा करता येते. त्याच वर्षी भारतीय दंड संहिता मंजूर झाली. तिच्या ८९व्या कलमात बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, सद्‌हेतूने, पालकाने किंवा पालकाच्या संमतीने केलेल्या कृतीला संरक्षण होते. छडी हा शब्द कलमात नाही, पण छडीला आडोसा मिळाला तो तेथेच. पंतोजींच्या शाळेतली कोंबडा करणे, अंगठे धरायला लावणे ही परंपरा इंग्रजी कायद्याने मोडली नाही, फक्त ‘माफक’ केली. आणि माफक किती, हे ठरवणार मारणाराच.

यानंतरचा मोठा टप्पा सक्तीच्या शिक्षणाचा. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ चा कायदा आला, मग १९२३ आणि १९४७ चे. हे सगळे कायदे मुलाला फाटकाच्या आत आणण्यासाठी होते आणि ते काम फार मोठे होते. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या बाहेर गेल्या त्यांना आत येणे हीच सुरक्षितता होती. तरीही एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. मूल आले नाही तर दंड पालकाला. मूल आले आणि आत त्याचे काही वाईट झाले, तर दंड कोणाला, हा प्रश्न या कायद्यांनी विचारलेला नाही.

तो प्रश्न पहिल्यांदा विचारला तो कायदेपंडितांनी नव्हे, बालशिक्षण करणाऱ्यांनी. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला जे काम केले, त्याच्या मुळाशी भीती आणि शिकणे एकत्र नांदत नाही ही समजूत होती. शासनाच्या कागदावर हा विचार यायला बराच वेळ लागला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शारीरिक शिक्षा हद्दपार करण्याचे म्हटले, १९९२ मध्ये भारताने बालहक्क संहिता स्वीकारली, २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या नियमांमधली छडीची तरतूद रद्द केली. अखेर शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने १ एप्रिल २०१० पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आली. दंड संहितेतला तो जुना आडोसा मात्र गेला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तो २७व्या क्रमांकाने जसाच्या तसा आहे.

इथवरचा इतिहास विचारांनी पुढे सरकलेला दिसतो. यापुढचा अपघातांनी सरकतो.

हरियाणातल्या डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाला आग लागून चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत मुले फार. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणमला स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुले जळाली. जिना अरुंद होता, वर्ग दाटीवाटीचे. या घटनेवरून दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी सांगितले की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतोच. आगविझवणी यंत्रे आणि इमारतीचे दाखले शाळांच्या फायलींत आले ते या निकालानंतर. तरी २०१७ च्या ऑगस्टमध्ये नगरजवळ निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेची वर्गखोली पावसात कोसळून तीन मुले गेली.

योगायोग असा की बिहारमधल्या गंडामनची विषबाधाही १६ जुलैचीच, २०१३ सालची. तेलात कीटकनाशक होते. माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. मुलांच्या आधी शिक्षकांनी अन्न चाखायचे आणि वहीत सही करायची, या नियमाकडे सर्वत्र गांभीर्याने पाहिले जाऊ लागले ते त्यानंतर.

आपल्या भागात धडा पावसाने दिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गाढी नदीने पनवेलमध्ये पाणी आणले आणि मुंबई परिसरात असंख्य मुले रात्रभर शाळांत, बसगाड्यांत अडकली. आता इशारा आला की जिल्हाधिकारी आदल्या रात्रीच सुट्टी जाहीर करतात. सुट्टीचा निरोप खरा की कोणी जुनाच फिरवला, हे तपासणे हे रायगडातल्या पालकांचे पावसाळी काम झाले आहे. ते त्रासाचे वाटले तरी मला हा बदल मोलाचा वाटतो, कारण येथे नियम माणसांच्या सवयीत उतरला. २०११ च्या स्कूलबस नियमांचे तसे झाले नाही. पिवळा रंग, वेगनियंत्रक, संकटकालीन दार, मदतनीस बाई, मुख्याध्यापकाच्या अध्यक्षतेखाली समिती असे सगळे त्यात आहे. पण शाळेच्या बसला ते लागू करणे सोपे, पालकांनी आपापसांत ठरवलेल्या व्हॅनला कठीण. त्या व्हॅनमध्ये किती मुले बसतात हे आपण सारे पाहतो आणि महिन्याचे पैसे देतो.

छत, आग, अन्न, वाहन यांवर समाज उघड बोलतो. पाचव्या गोष्टीवर तो बोलत नव्हता. गोव्यात मडगावला अनाथ मुलांचा आश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्‌सला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे ते प्रकरण देशभर गाजले. गोव्याने त्यातून २००३ मध्ये स्वतःचा बालक कायदा केला, शाळांमधल्या शारीरिक शिक्षेवरही त्यातच बंदी घातली, पुढे वेगळे बालन्यायालय स्थापले. देशाला असा कायदा मिळायला आणखी नऊ वर्षे लागली. मधल्या काळात आमच्या शेजारच्या कळंबोलीत मतिमंद मुलींच्या वसतिगृहातले अत्याचार, उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर उजेडात आले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने चालकाला दोषी ठरवले. ती प्राथमिक शाळा नव्हती. पण ज्याला नीट सांगता येत नाही त्याचे ऐकण्याची व्यवस्थाच नव्हती, ही गोष्ट तीच.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो कायदा लागू झाला. शाळेच्या कर्मचाऱ्याने केलेला अत्याचार तो अधिक गंभीर मानतो. त्याहून महत्त्वाचे १९वे कलम : ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या शाळा-वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि गप्प राहणे हा गंभीर गुन्हा असल्याचे बजावले. राज्य शासनाने २०१७ मध्ये प्रत्येक शाळेत तक्रारपेटी आणि मार्च २०२२ मध्ये सखी सावित्री समिती सांगितली. म्हणजे ऑगस्ट २०२४ उजाडला तेव्हा कागदावर कशाचीच वाण नव्हती.

बदलापूर आमच्यापासून माथेरानच्या डोंगराच्या पलीकडे. १२ आणि १३ ऑगस्टला तिथल्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी कंत्राटी सफाई कामगार. घरच्यांच्या लक्षात आले, डॉक्टरांकडे नेले, मग पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसावे लागले. २० ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखून धरली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. न कळवल्याबद्दल संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदला गेला. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि त्याच्यावर खटला चालण्याची शक्यता संपली. २१ ऑगस्टच्या शासन निर्णयाने महिन्याभरात कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि समित्या पुन्हा सांगितल्या. न्यायालयाने दोन निवृत्त न्यायमूर्तींच्या नेतृत्वाखाली समिती नेमली आणि मे २०२५ मध्ये आणखी सविस्तर सूचना निघाल्या.

कॅमेऱ्यांवर जेवढी चर्चा झाली तेवढी दुसऱ्या कशावर झाली नाही. पण त्या शाळेत कॅमेरे होतेच. पंधरा दिवसांचे चित्रण मिळत नसल्याचे तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले होते. आणि स्वच्छतागृहात कॅमेरा लावता येत नाही. तिथे मुलीबरोबर कोणी बाईमाणूस असणे हा उपाय, आणि तो पगाराचा प्रश्न आहे. मला अधिक काळजी वाटते ती एका व्याख्येची. शिक्षण हक्क कायद्यातले मूल म्हणजे सहा ते चौदा वर्षांचे. १७व्या कलमाचे संरक्षण आणि पालकांचे बहुमत असलेली व्यवस्थापन समिती या वयासाठी. शिशुवर्गातले चार वर्षांचे मूल त्याच फाटकातून जाते, त्याच जिन्याने चढते, पण या कायद्याच्या हिशेबात ते अजून आलेलेच नाही. पॉक्सो त्याला लागू आहे, पण तो गुन्हा घडल्यानंतरचा. महाराष्ट्रात १९९६ मध्ये पूर्वप्राथमिक केंद्रांसाठी कायदा झाला, तोही प्रवेशांपुरता, म्हणजे चिमुकल्यांच्या मुलाखती थांबाव्यात म्हणून. आणि तक्रारपेटीत चिठ्ठी टाकायला आधी लिहिता यावे लागते.

दुसरी गोष्ट कळवण्याची. शासन निर्णय सांगतो, गंभीर घटना चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवा. पॉक्सो सांगतो, पोलिसांना कळवा. एका मुख्याध्यापिकेने मला कपाट उघडून वेगवेगळ्या समित्यांच्या नोंदवह्या दाखवल्या आणि विचारले, ‘पहिला फोन कोणाला करायचा हे यातल्या एकीत तरी पहिल्या पानावर असायला नको का?’ तिचे म्हणणे रास्त आहे. कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे : पोलिसांना. संस्थेचे नाव खराब होईल, आधी वरिष्ठांना विचारू, ही सवय मात्र वरपासून खालपर्यंत मुरलेली आहे आणि लांबलचक परिपत्रके तिला खतपाणी घालतात.

नवीन पनवेलसारख्या ठिकाणी ‘वरिष्ठ’ कोण, हेही पालकाला सहज कळत नाही. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, जुन्यांतली जुनी. १ ऑक्टोबर २०१६ रोजी ती महापालिका झाली, आसपासची गावे आत आली. पण त्या गावांतल्या प्राथमिक शाळा पुढेही वर्षानुवर्षे रायगड जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. खासगी शाळा संस्थांच्या, त्यांच्या जमिनी सिडकोने दिलेल्या. एकाच सेक्टरच्या अवतीभवती तीन कारभार आणि प्रत्येकाचे दार वेगळे. इमारतीची तक्रार एकाकडे, शिक्षकाची दुसऱ्याकडे, व्हॅनची आरटीओकडे. ज्याच्याकडे जावे तो दुसऱ्याचा पत्ता देतो.

यातले एकही दार न ठोठावता वापरता येणारी एक सोय महाराष्ट्रातच जन्मली आहे. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून मुलांसाठी १०९८ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि पुढे देशभर गेली. अलीकडे ती शासनाने आपल्याकडे घेतली. रस्त्यावरच्या मुलांच्या तोंडी तो क्रमांक ‘दस-नौ-आठ’ असा बसला, उलटे अंक म्हणावेत तसा. पहिलीच्या वर्गात उलटे अंक शिकवतातच. दहा, नऊ, आठला बाई क्षणभर थांबल्या आणि हा नंबर कोणाचा ते सांगितले, तर त्यासाठी नव्या नोंदवहीची गरज पडणार नाही.