रंगमंचाचा रंग

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमीचा पाया घातला गेला. पुढे संगीत नाटकांच्या वैभवकाळात कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव मेस्त्री यांनी कापडी पडद्यांवर महाल आणि अरण्ये साकारली. या कलेमुळेच बाबूराव ‘पेंटर’ म्हणून ख्यातनाम झाले. १९२० साली त्यांनी ‘सैरंध्री’ हा चित्रपट निर्माण केला.

कालांतराने विजेचे दिवे आले, चित्रित पडदे मागे पडले आणि काळ्या पडद्यांना महत्त्व आले. आम्हां कापड व्यापाऱ्यांना त्याचे मर्म सहज उमगते : काळी मखमल प्रकाश शोषते, साटीन तो परतवते.

घोडेगावसारख्या गावी शाळेचा रंगमंच हेच मुलांचे नाट्यगृह. त्याच्या भिंतींस चकचकीत ऑईलपेंट दिल्यास उजेड भिंतीवरच खेळतो. बिनचकाकीचा काळा रंग दिल्यास बालकलाकाराचा चेहरा उजळतो. अल्प खर्चात होणारे हे विद्यादानच होय.