काम सोडण्याचा हक्क : शिरूर-दौंडकडील एक विसरलेले प्रकरण

नोकरी कशी मिळवावी हे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. नोकरी सोडण्यालाही इतिहास आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आम्ही तो धुंडाळू लागलो तेव्हा पहिला धागा घोडनदीच्या काठीच हाती लागला.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवून त्यांचे घर घेतले व ते पाडावयास काढले. गाव चिडले, पण काठी कोणी उगारली नाही. घरगड्यांनी काम सोडले, पाणक्याने पाणी बंद केले, न्हाव्याने धोपटी गुंडाळली, शेत कसावयास माणूस मिळेना. शेवटी सावकारांनी शिरूरची वाट धरली. पुढे १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा झाला, खतपत्रे जळाली, आणि १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. दंगा सर्वांच्या लक्षात राहिला. त्याच्या आधी कर्ड्याने निव्वळ काम सोडून काय साधले, ते कोणी फारसे सांगत नाही.

या गड्यांनी मालकाला पूर्वसूचना दिली होती काय? अर्थातच नाही. सालगडी पाडव्याला ठरावा आणि पुढच्या पाडव्याला मोकळा व्हावा, हीच आपल्याकडील मुदत. मध्येच सोडावयाचे तर उचल आडवी येते.

या उचलीला सरकारने केव्हाच तुरुंगाची जोड दिली होती. १८५८ च्या डिसेंबरात पुण्याहून दौंडावरून दिकसाळपर्यंत आगगाडी धावू लागली. पुढल्याच महिन्यात, जानेवारी १८५९ मध्ये, बोरघाटाच्या बांधकामावर मजुरीच्या थकबाकीवरून मजुरांचा दंगा झाला. त्याच साली १३ क्रमांकाचा कायदा मंजूर झाला. तो होता मात्र कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून! उचल घेऊन काम टाकणाऱ्या कारागिराला वा मजुराला मॅजिस्ट्रेटने पैसे परत करावयास किंवा काम पुरे करावयास सांगावे. न ऐकल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. आरंभी कलकत्ता, मद्रास व मुंबई या शहरांपुरता असलेला हा कायदा पुढे इतरत्र लागू करण्याची सोय होती. मालकाने मजुराला मध्येच काढले तर मालकाला तुरुंग नव्हता, हे निराळे सांगावयास नकोच. १८६० साली रेल्वे, कालवे इत्यादी बांधकामावरील मजुरांच्या पगाराचे तंटे झटपट मिटविण्याचा कायदा झाला, तेवढाच दिलासा.

१८५९ चा कायदा १९२५ च्या कायद्याने रद्द झाला. म्हणजे सहासष्ट वर्षे कामाचा करार मोडणे हा मजुराच्या बाबतीत गुन्हा होता. आज तो दिवाणी व्यवहार आहे. मुदत न पाळता नोकरी सोडली तर करारातील नोटिशीची रक्कम किंवा नुकसानभरपाई मागता येते. न्यायालय कोणाला जबरीने कामावर बसवीत नाही. आमच्या परिचयातील एका तरुणाला त्याच्या कारखान्यातील साहेबाने ‘पोलिसांत देऊ’ असे बजाविले. तो बिचारा रात्रभर झोपला नाही. धमकी पोकळ होती. पण ती पोकळ आहे हे त्याला सांगणार कोण?

मुदतीचा आकडा कागदावर आला तो १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने. त्याखालील केंद्रीय नमुना नियमांत मासिक पगाराच्या कायम कामगारासाठी महिन्याची व इतरांसाठी दोन आठवड्यांची लेखी सूचना ठरविली होती, आणि ती मालक व कामगार दोघांनाही सारखीच. तत्पूर्वीच्या १९३६ च्या वेतन कायद्यात मात्र एक गमतीची तरतूद होती : दहा किंवा अधिक माणसांनी संगनमताने, सूचना न देता व सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिल्यास, करारात तसे असेल तर, आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येई. कर्डे गावचे न्हावी-पाणके त्यात सापडले नसते, कारण त्यांचा पगार कापणार कोण! त्याच कायद्यात मालकाने कामावरून काढलेल्याचा हिशेब दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत चुकता करावयाचा होता. स्वतः राजीनामा देणाऱ्याचा उल्लेख नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने राजीनामा देणाऱ्यालाही दोन कामाच्या दिवसांची ही सवलत दिली. पण त्याच दिवशी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांसाठी कामगारांची किमान संख्या तीनशे ठरली. १९४६ च्या मूळ कायद्यात ती शंभर होती. तेव्हा रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एखाद्या लहान कारखान्यात मुदत बहुधा नेमणूकपत्रात लिहिलेली तीच. ते सही करण्याआधी वाचावे, आणि राजीनाम्याची पोच तारखेसह घ्यावी.

ऊस तोडणाऱ्यांना नेमणूकपत्र नसते. दिवाळीनंतर कोयते घेऊन आलेली कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊनच निघालेली असतात. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असे बंधन निर्माण झालेच तर ते रद्दबातल ठरते. तथापि हंगामाच्या मध्यात एखाद्याला घरी जावयाचे झाले तर तो मुदत विचारीत नाही, उचल किती फिटली ते विचारतो, आणि ती वही मुकादमापाशी असते.