न्हाण, ‘नातारे’ आणि नदीचा उतार

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस पैनगंगा आणि पूर्वेस वर्धा. वणीच्या बाजूस पहिली दुसरीला मिळते. पर्वकाळीं नदीवर आलेला मनुष्य तेथें दोन कामें करतो. तो न्हातो, आणि जमल्यास पोहतो. मराठीला हीं कामें निराळीं वाटतात. पण शब्दांचा इतिहास तसें म्हणत नाहीं.

लॅटिनमध्यें पोहण्यास ‘नारे’ म्हणत. त्यावरूनच ‘नातारे’ झाला. हा शब्द आणि आपला ‘स्ना’ धातु एकाच कुळांतले. लॅटिननें आरंभींचा सकार टाकला, संस्कृतानें राखला. आयरिश भाषेनेंही तो राखला, तेथें पोहण्यास ‘स्नाव्ह’ म्हणतात. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें जें नातें बोलून दाखविलें, तें असल्या शब्दांत सहज हातीं लागतें.

पुढें भावांचे संसार वेगळे झाले. लॅटिनचा शब्द पोहतच राहिला: स्पॅनिश व पोर्तुगीजमध्यें ‘नादार’, इटालियनमध्यें ‘नुओतारे’, रुमानियनमध्यें ‘इनोता’. फ्रेंचांनीं मात्र जुना शब्द सोडून ‘नाझे’ घेतला, आणि तो निघाला नाव चालविण्याच्या शब्दावरून. म्हणजे तेथें माणूस स्वतःच होडी झाला! गोव्यांत १५१० पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्ता होती, तरी कोंकणी माणूस ‘पेंवप’ हाच शब्द वापरीत राहिला.

आपला ‘स्ना’ पाण्यांत उतरला खरा, पण शुद्धीच्या मागें लागला. त्यापासून प्राकृतांत ‘ण्हाण’ आणि मराठींत ‘न्हाण’, ‘न्हाणी’ हे शब्द आले. मुलगी वयांत आली कीं तिला ‘न्हाण आलें’ म्हणत. फार काय, ‘न्हावी’ हाही त्याच घराण्यांतला. न्हाऊं घालणारा तो न्हावी. रोमचा पोहणारा आणि आपला न्हावी हे असे चुलतभाऊ निघावेत, याची मला मोठी मौज वाटते.

मग पार होण्याचें काम कोणीं केलें? ‘तॄ’ धातूनें. ‘तीर्थ’ म्हणजे मुळांत नदी ओलांडण्याची उथळ जागा. मराठींत तिला ‘उतार’ म्हणतात, आणि हाही शब्द त्याच धातूचा. देवळें व पर्वण्या तेथें मागाहून आल्या. १८५३ नंतर पैनगंगा ही वऱ्हाड आणि निजामाच्या प्रत्यक्ष अमलाखालील मुलूख यांमधील सीमा झाली. सीमा कागदावर होती. पूल नसलेल्या काळीं बाजारहाटाला आणि सोयरिकीला वाट एकच, उतार. पावसाळ्यांत तो बुडे. अशा वेळीं ‘तरला’ याचा अर्थ पोहून गेला कीं वांचला, हें पैलतीरावर उभ्या असलेल्या घरच्या माणसांनीं विचारलें नसतें.