कोंबड्या, उंदीर आणि वडिलांची वाटी

आमच्या घराण्यात स्वयंपाकघरात शिरलेला पहिला पुरुष मी. शिरलो तो हौसेनं नव्हे, रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट आला म्हणून. वडील अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले, तेही साखरेपायीच; आणि मला सत्तेचाळीस पुरी झालीत. डॉक्टर म्हणाले, "पांढरा भात आवरा." घरी सौ. म्हणाली, "अहो, मी वाढीन ते तुम्ही खाणार नाही. स्वतः रांधा, म्हणजे निदान स्वतःचं तरी ऐकाल!"

कॉमर्सचा पदवीधर अडला की आधी कागद शोधतो. मीही पुस्तकं काढली. आता, पांढरा भात वाईट हे प्रथम कुणाला कळलं असेल? कोंबड्यांना!

गोष्ट खरी आहे. 1890च्या सुमारास जावा बेटावर बटाव्हियात, म्हणजे आजच्या जाकार्तात, क्रिश्चान आइकमान नावाचे डच डॉक्टर बेरीबेरीचा शोध घेत होते. त्यांच्या प्रयोगाच्या कोंबड्या एकाएकी पायांतून लुळ्या पडल्या. आणि थोड्या महिन्यांनी तशाच एकाएकी बऱ्याही झाल्या. चौकशीअंती कळलं, की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पांढराशुभ्र भात मिळत होता. पुढे आचारी बदलला. नव्या आचाऱ्यानं हरकत घेतली, की लष्करी भात मुलकी कोंबड्यांना देता येणार नाही! कोंबड्या पुन्हा कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या आणि चालू लागल्या.

जीवनसत्त्वांच्या शोधाच्या मुळाशी एक कारकुनी हरकत आहे, हे वाचून माझी छाती फुगली. आम्ही काउंटरवर हरकत घेतली की लोक शिव्या देतात. आइकमानना 1929 साली नोबेल पारितोषिक मिळालं. आचाऱ्याला काय मिळालं ते विचारू नका. खुद्द आइकमान आधी समजत होते की तांदळात विष आहे. कोंड्यात काहीतरी चांगलं असतं आणि ते गेल्यानं रोग होतो, हे 1901 साली त्यांचे सहकारी ग्रिन्स यांनी मांडलं.

कोंबड्यांनंतर उंदीर. बेरीबेरीच्याच चौकशीसाठी रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी 1918 साली निलगिरीत कुन्नूरला एका खोलीत प्रयोगशाळा थाटली. पुढे त्यांनी उंदरांच्या पंगती मांडल्या. एका पंगतीला शिखांचं जेवण, एकीला पठाणांचं, एकीला मराठ्यांचं, एकीला बंगाल्यांचं, एकीला मद्रासकडचं. पोळी, दूध, लोणी, डाळ, भाजी खाणारे शीख उंदीर पहिले आले. पांढऱ्या भातावरचे मद्रासी शेवटचे. मराठी उंदीर तिसरा! सौ.ला सांगितलं, तर म्हणाली, "परीक्षेत तुमचा तरी कधी आला होता?"

दुसऱ्या एका प्रयोगात उंदरांना गरीब इंग्रजाचं जेवण दिलं: पांढरा पाव, मार्गारिन, गोड चहा, डब्यातलं मटण. ते चिडखोर झाले, राखणदारांना चावू लागले आणि शेवटी आपल्यातल्या अशक्तांना मारून खाऊ लागले. पाव आणि गोड चहावर मार्चएंड काढणाऱ्या शाखेत मी वीस वर्षं आहे. अधिक लिहीत नाही.

तीच प्रयोगशाळा 1958 साली हैदराबादला गेली आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिचे अन्नघटकांचे तक्ते म्हणजे माझ्यासारख्याला पर्वणी. लेजरसारखे रकाने! रात्री बोट फिरवत वाचले. हातसडीच्या तांदळात बी-वन जीवनसत्त्व पांढऱ्याच्या कितीतरी पट. वा! मग पिष्टाचा रकाना पाहिला आणि बोट थबकलं. शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे 78 ग्रॅम, हातसडीत 75. इतक्या कोंबड्या लुळ्या पडल्या, आणि माझ्या पदरात तीन ग्रॅम! म्हणजे तांदूळ कोणता यापेक्षा किती, हा माझा प्रश्न.

सौ.नं मग कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' पुढ्यात ठेवली. 1970 साली आलेलं हे पुस्तक. शेर-छटाक नाही, ग्रॅमही नाही. वाटी आणि चमचा. कुठल्याही स्वयंपाकघरात असतात तीच मापं. मी रोज एक वाटी तांदूळ मोजू लागलो. हातसडीचा, वर दुप्पट भाजी. पहिला भात लापशी झाला, दुसरा छर्रे. तिसरा जमला. महिनाभरानं पुन्हा रक्त तपासलं. साखर होती तिथेच!

हिशेब जुळेना तेव्हा वाण्याकडे जाऊन वाटी तोलली. दोनशे दहा ग्रॅम! घरातल्या दुसऱ्या वाट्यांत दीडशेच्या वर जाईना.

"अहो, ही कुठली घेतलीत?" सौ.नं वाटी उलटी केली. बुडाशी नाव कोरलेलं होतं. वडिलांचं. लहानपणापासून घरात 'वाटी' म्हटलं की हीच. तिच्यात भरून तूप-भात ते दोनदा घेत.

सौ.नं ती चिंचेनं घासली, पुसली आणि फळीवर सगळ्यात वर ठेवली. मग लहान वाटी माझ्या हातात दिली. "घ्या. आणि काठोकाठ नको."