व्यंग आणि व्यंग्य : कूफा ते लखनऊ

इराकमधल्या कूफा शहरात दोन आलिम रस्त्याने बरोबर चालले होते. वडीलधारे होते इब्राहीम नखई, फिकहचे मोठे जाणकार. त्यांचा एक डोळा गेलेला होता. बरोबर त्यांचे तरुण शागीर्द सुलेमान बिन मिहरान, पुढे हदीसचे फार मोठे रावी म्हणून नावाजले गेलेले. त्यांच्या डोळ्यांतून सतत पाणी गळायचे आणि दिसायचेही कमी. इब्राहीम म्हणाले, आपण असे जोडीने निघालो तर लोक म्हणणार, बघा, काणा आणि चिपडा चालले. सुलेमान म्हणाले, म्हणू देत की! त्यांना गुनाह लागेल, आपल्याला सवाब मिळेल, आपले काय जाते? त्यावर इब्राहीमनी विचारले, तेही वाचले आणि आपणही वाचलो, तर तुझे काय जाते?

इब्राहीम इ.स. 715 च्या सुमारास वारले, म्हणजे ही गोष्ट तेराशे वर्षांहून जुनी. ती मी मुलांना सांगतो तेव्हा वर्गात दोन तट पडतात. काहींना सुलेमान आवडतात, काहींना इब्राहीम. मला स्वतःला इब्राहीम जास्त पटतात, पण हसू येते ते सुलेमानच्या बोलण्याला. हसणाऱ्याच्या खात्यात पाप आणि आपल्या खात्यात पुण्य, असा फुकटचा व्यापार त्यांनी मांडला होता.

या सुलेमाननाच इतिहास ‘अल-आमश’ म्हणून ओळखतो. आमश म्हणजे ज्याचे डोळे पाणावलेले आणि अधू आहेत तो. हदीसच्या सनदी वाचताना अशी नावे पदोपदी भेटतात. अबू हुरैरांचे शिष्य अब्दुर्रहमान बिन हुरमुझ हे ‘अल-आरज’, म्हणजे लंगडे. आसिम हे ‘अल-अहवल’, म्हणजे तिरळे. आता कुरआनात सूरह हुजुरातच्या 11 व्या आयतीत एकमेकांची टिंगल करू नका, वाईट टोपणनावे ठेवू नका, असा स्पष्ट हुकूम आहे. मग ही नावे दीनच्या किताबांत कशी? हा प्रश्न उलेमांनाही पडला होता. इमाम नववींनी (मृत्यू 1277) त्याचे उत्तर दिले आहे. माणूस त्याच नावाने ओळखला जात असेल, तर ओळख पटवण्यापुरते ते घ्यायला हरकत नाही. हिणवण्यासाठी घेतले तर हराम. आणि दुसऱ्या एखाद्या नावाने काम भागत असेल तर ते बरे. शब्द तोच, पण तो कोण बोलतो आणि कशासाठी, यावर सगळा निवाडा.

मराठीत ‘व्यंग’ आणि ‘व्यंग्य’ हे शब्द इतके जवळ आहेत की मुले हमखास घोटाळा करतात. व्यंग म्हणजे शरीरातली उणीव आणि व्यंग्य म्हणजे बोलण्यातला सूचित, आडून आलेला अर्थ. मुळात दोन्हींचे धातू वेगळे. पण आठव्या-नवव्या शतकातल्या बसरा शहरात हे दोन शब्द एकाच माणसात नांदत होते, असे म्हणायला हरकत नाही. आणि ती माणसे एक-दोन नव्हती.

पहिला बश्शार बिन बुर्द. जन्मापासून आंधळा, वंशाने इराणी, आणि अरबी कवितेत नव्या वळणाचा बाप. त्याने लढाईचे वर्णन करताना उडालेल्या धुळीला रात्रीची आणि तलवारींना तुटत्या ताऱ्यांची उपमा दिली. ज्याने कधी रात्र पाहिली नाही, तारा पाहिला नाही, त्याची ही उपमा हजार वर्षे वाखाणली गेली. जीभ मात्र तिखट. एकाने त्याला सांत्वनाच्या सुरात विचारले, अल्लाह कुणाची दृष्टी नेतो तेव्हा बदल्यात काहीतरी देतो म्हणतात, तुला काय दिले? बश्शार म्हणाला, तुझ्यासारख्यांचे तोंड पाहावे लागत नाही, हे दिले. दुसऱ्या एका इसमाने त्याला कुणाच्या तरी घराचा पत्ता विचारला. बश्शारने सांगितला, त्याला कळेना. पुन्हा सांगितला, तरी कळेना. शेवटी बश्शार उठला, त्याचा हात धरला आणि त्याला दारापर्यंत पोचवायला निघाला. वाटेत पद्यातून त्याची कीव करत होता, की आंधळा वाट दाखवतोय अशा डोळसाचे पुढे कसे व्हायचे! घर आल्यावर म्हणाला, हेच ते घर. बश्शारचा शेवट वाईट झाला. खलीफा महदीच्या काळात, 784 च्या सुमारास, त्याच्यावर पाखंडाचा आरोप आला आणि फटक्यांच्या मारात तो मेला. जिभेने जोडलेले वैरीही पुष्कळ होते.

दुसरा जाहिझ. हे त्याचे खरे नाव नव्हे. अम्र बिन बह्‌र त्याचे नाव. ‘जाहिझ’ म्हणजे खोबणीतून बाहेर आलेल्या डोळ्यांचा. लोकांनी चिडवायला ठेवलेले नाव आज अरबी गद्याचे मानचिन्ह आहे. त्याच्या रूपाचे किस्से पुष्कळ, आणि मजा अशी की त्यांतले काही तो स्वतःच सांगायचा. एक बाई त्याला सोनाराच्या दुकानात घेऊन गेली, सोनाराला म्हणाली ‘असा’, आणि निघून गेली. जाहिझला काही कळेना. सोनाराने उलगडा केला. बाईंना दागिन्यावर सैतानाचे चित्र कोरून हवे होते. सोनार म्हणाला होता, मी सैतान कधी पाहिला नाही. म्हणून त्या नमुना घेऊन आल्या! खलीफा मुतवक्किलने त्याला आपल्या मुलांचा शिक्षक म्हणून बोलावले आणि चेहरा पाहून दहा हजार दिरहम देऊन परत पाठवले, अशीही हकीकत आहे. शिक्षकाच्या नोकरीत मुलाखतीला गेल्याबरोबर परतीचे भाडे मिळण्याचा हा बहुधा सर्वांत महागडा प्रसंग असावा.

पण जाहिझ नुसता किस्सेबाज नव्हता. त्याने एक स्वतंत्र किताब लिहिली, कोड असलेले, लंगडे, आंधळे आणि तिरळे यांच्याविषयी. अशा माणसांच्या याद्या त्याच्या आधीही लोक करत होते. नुसती यादी म्हणजे चहाडी, हे त्याने ओळखले. त्याने यादीत सरदार घातले, कवी, काझी, वक्ते घातले, त्यांच्या ओळी आणि त्यांचे टोले घातले. वाचणाऱ्याला उणीव नंतर आठवते, माणूस आधी. म्हातारपणी त्याला अर्धांगवायू झाला. तेव्हा तो म्हणायचा की एक बाजू कात्रीने कापली तरी कळणार नाही, आणि दुसऱ्या बाजूवर माशी बसली तरी जीव कळवळतो. 868-69 मध्ये तो वारला, नव्वदी ओलांडून.

आणि तिसरा, माझ्या मते या सगळ्यांचा उस्ताद, अबुल ऐना. जाहिझचा दोस्त. नाव मुहम्मद बिन कासिम, जन्म अहवाझचा, वाढला बसऱ्यात. हा विद्यार्थी असताना एकदा आपल्या उस्तादांना, प्रसिद्ध भाषापंडित अबू झैद अन्सारी यांना, डोळ्याच्या शब्दाचे लघुरूप कसे करायचे म्हणून विचारायला गेला. आपण घोड्याचे घोडुले करतो तसे. उस्तादांनी रूप सांगितले आणि जाता जाता यमक जुळवून त्याला ‘अबुल ऐना’ अशी हाक मारली. ऐना म्हणजे टपोऱ्या, सुंदर डोळ्यांची. तिचा बाप तो अबुल ऐना. व्याकरणाच्या तासाला पडलेले नाव जन्माला चिकटले. पुढे चाळिशीनंतर या गृहस्थाची दृष्टी गेली. नाव राहिले. सुंदर डोळ्यांचीचा बाप, आणि स्वतः ठार आंधळा. त्याने ते बदलले नाही.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. अरबी-उर्दूत ‘ऐन’ हे एका अक्षराचेही नाव आहे आणि त्याचा अर्थ डोळाही होतो. याच ‘ऐन’वरून उर्दूत चष्म्याला ऐनक म्हणतात. आणि आपण मराठीत ‘ऐन वेळी’, ‘ऐन तारुण्यात’ म्हणतो, तेही याच घराण्यातले. मराठी माणूस दिवसातून चार वेळा अरबी डोळा उघडतो, त्याला पत्ता नसतो.

तर, खलीफा मुतवक्किल (कारकीर्द 847 ते 861) एकदा अबुल ऐनाला म्हणाला, तू आंधळा नसतास तर तुला आमच्या बैठकीतला सोबती केला असता. हे वाक्य नीट ऐका. आजही नोकरीच्या मुलाखतीत ते ऐकू येते, फक्त भाषा गोड झाली आहे. अबुल ऐनाने ना रडगाणे गायले ना विनवणी केली. तो म्हणाला, नवा चंद्र बघणे आणि अंगठीवरची अक्षरे वाचणे, एवढ्या दोन कामांतून मला माफी मिळाली, तर बाकी सोबतीला मी लायक आहे. म्हणजे बैठकीत लागते काय? किस्सा, शेर, हजरजबाब, आणि ऐकणारा कान. यात डोळ्याचे काम कुठे आले? चंद्र बघायचे काम तर डोळसांनाही कुठे धड जमते! एकोणतिसाव्या रोजाला गच्चीवर चढून आपण पाचजण सात दिशांना बोटे दाखवतो ते आठवा.

अजून एक. तो बसलेला असताना कुणीतरी येऊन समोर उभे राहिले, सलाम नाही, दुआ नाही. चाहूल लागली तसे त्याने विचारले, कोण? उत्तर आले, आदमच्या लेकरांपैकी एक. आंधळ्याची जरा गंमत करावी, असा तो सूर. अबुल ऐना म्हणाला, या या, मरहबा! मला वाटले होते ही जात जगातून संपली.

आमच्या शिक्षकखोलीतही एक अबुल ऐना आहे. लहानपणी पोलिओ झालेला. निवडणुकीच्या कामाला कोण जाणार, असे विचारले की तो सगळ्यांच्या आधी सांगतो, मी एका पायावर तयार आहे. नवीन आलेल्या शिक्षकांची तारांबळ उडते. हसावे तर उद्धटपणा, न हसावे तर त्याचा विरस. जुने लोक मोकळेपणी हसतात, कारण त्यांना ठाऊक आहे की हीच कोटी दुसऱ्या कुणी केली असती तर शिक्षकखोलीत कुणी कुणाशी आठवडाभर बोलले नसते.

त्याचा प्रमाणपत्राचा त्रास मात्र कोटी करून संपत नाही. पाय तोच, उणीव तीच, तरी दर काही वर्षांनी ती कागदावर सिद्ध करून द्यावी लागते. त्याला मी झमख्शरींची गोष्ट सांगितली. ‘अल-कश्शाफ’ ही तफसीर लिहिणारे झमख्शरी (1075 ते 1144) ख्वारझमचे. प्रवासात बर्फाने त्यांचा एक पाय गेला. ते लाकडी पाय लावत आणि वर लांब झगा सोडत. पाहणाऱ्याला वाटे, नुसते लंगडतात. पण अनोळखी गावी कुणी म्हणायला नको की गुन्ह्याची शिक्षा म्हणून पाय तोडला, यासाठी ते जवळ एक कागद बाळगत. त्यावर अनेक साक्षीदारांची ग्वाही होती, की पाय थंडीने गेला. इब्न खल्लिकानने हे नोंदवून ठेवले आहे. कुरआनच्या भाषेचा एवढा मोठा भाष्यकार, आणि खिशात स्वतःच्या पायाचे भाष्य! आमचा सहकारी ऐकून म्हणाला, त्यांना नूतनीकरण तरी लागत नव्हते.

शब्दांची सफाई करून काही होते का, हाही जुना वाद आहे. अरब लोक आंधळ्याला अदबीने ‘बसीर’ म्हणत, म्हणजे पाहणारा. उत्तर हिंदुस्थानात आंधळ्या माणसाला ‘हाफिजजी’ म्हणायची रीत पडली, मग त्याला कुरआन पाठ असो वा नसो. हिंदू शेजारी ‘सूरदास’ म्हणायचे. विदर्भातल्या गुलाबराव महाराजांना प्रज्ञाचक्षू म्हटले गेले, ते मात्र त्यांच्या विद्वत्तेला शोभणारे होते. अलीकडे आपल्याकडे ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आले. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि सरकारी नोकरीतले आरक्षण 3 टक्क्यांवरून 4 टक्के झाले. ते काम नव्या शब्दापेक्षा कितीतरी मोलाचे. जिना तसाच ठेवून पायाला दिव्य म्हटले, तर चढायचे कसे?

बगदादमध्ये अबुल अला मअर्रीला त्याच्या विद्वत्तेसाठी कुणी गोड नाव दिले नव्हते. चौथ्या वर्षी देवीत दृष्टी गेलेला हा सीरियाचा कवी (973 ते 1057) शरीफ मुर्तझांच्या मजलिसीत शिरताना एकाला अडखळला. तो खेकसला, हा कोण कुत्रा? मअर्री म्हणाला, ज्याला कुत्र्याची सत्तर नावे येत नाहीत तो कुत्रा. अख्खी मजलिस गप्प झाली असणार, कारण सत्तर कुणाला येणार! हा टोला सुमारे साडेचारशे वर्षांनी इजिप्तमध्ये सुयूतींना (1445 ते 1505) झोंबला. ते कोशांवर बसले, कुत्र्याची नावे शोधशोधून गोळा केली आणि ती पद्यात बांधली. त्या पद्याचे नाव ‘अत्-तबर्री मिन मअर्रतिल मअर्री’. ‘मअर्रा’ हे कवीचे गाव, आणि मअर्रा म्हणजे लाजही. मअर्रीने लावलेल्या लाजेतून सुटका, असा अर्थ. आंधळ्याच्या एका वाक्याचे उत्तर द्यायला डोळस पंडिताला कोशच्या कोश उपसावे लागले, आणि शीर्षकात पुन्हा कोटीच करावी लागली.

हा मअर्री स्वतःला दोन कैदखान्यांचा कैदी म्हणवायचा, एक अंधत्व आणि दुसरे घर. तिथे कोटी नव्हती. 2013 मध्ये त्याच्या गावातल्या त्याच्या पुतळ्याचे मुंडके बंडखोरांनी उडवले.

उर्दूत या घराण्याचा वारस लखनऊचा शायर जुरअत. यह्या अमान हे नाव, कलंदर बख्श म्हणून प्रसिद्ध, ऐन जवानीत दृष्टी गेलेला. मिर्झा सुलेमान शिकोहच्या दरबारात तो आणि इंशा दोघेही होते. मुहम्मद हुसैन आझादांनी 1880 च्या ‘आब-ए-हयात’मध्ये त्यांचा एक किस्सा दिला आहे. आझाद किस्स्याला मीठमसाला लावायचे हे खरे, पण हा लावल्यासारखा वाटत नाही. इंशा भेटायला गेले तर जुरअत मान खाली घालून विचारात बसलेला. एक मिसरा जमला होता, दुसरा सुचत नव्हता. इंशा म्हणाले, ऐकव. जुरअत म्हणाला, ऐकवणार नाही, तू दुसरा मिसरा लावशील आणि शेर माझ्या हातून जाईल. फार आग्रह झाला तेव्हा त्याने ऐकवला. प्रेयसीच्या केसांना काळ्याकुट्ट रात्रीची उपमा सुचल्याची ती ओळ होती. इंशांनी तिथल्या तिथे दुसरी लावली. उर्दूत ‘सूझना’ म्हणजे दिसणे आणि सुचणेही, आणि ‘दूर की सूझना’ म्हणजे फार लांबचे, भन्नाट काही सुचणे. अंधार, आंधळा आणि लांबचे ‘सूझणे’, तिन्ही इंशांनी एका ओळीत बसवले. जुरअत खदखदून हसला, काठी उचलून मारायला उठला, आणि मग कितीतरी वेळ इंशा पुढे आणि जुरअत चाचपडत मागे.

ती दुसरी ओळ आज म्हण झाली आहे. एखाद्या मठ्ठ माणसाने काही अजब सुचवले की उर्दू बोलणारे ती फेकतात. जुरअतची पहिली ओळ विचारली तर दहांतल्या नऊ जणांना येत नाही.