खापर्डे, गणेश श्रीकृष्ण
(२७ ऑगस्ट १८५४ – १ जुलै १९३८). वऱ्हाडातील ख्यातनाम फौजदारी वकील, लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी व राजकीय नेते. ‘दादासाहेब’ या नावाने परिचित. जन्म वऱ्हाडातील इंगरोळी येथे. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८७७ मध्ये बी.ए. व पुढे १८८४ मध्ये एल्‌एल्‌.बी. झाल्यावर त्यांनी वऱ्हाडात मुन्सफ व सहायक आयुक्त म्हणून काही वर्षे सरकारी नोकरी केली. परंतु १८९० मध्ये ती सोडून अमरावतीस स्वतंत्र वकिली सुरू केली.

वऱ्हाडास त्या काळी उच्च न्यायालय नव्हते. न्यायिक आयुक्ताचे न्यायालय हेच तेथील सर्वोच्च न्यायपीठ होते. नागपूरचे उच्च न्यायालय १९३६ मध्ये स्थापन झाले. त्यामुळे आरोपीचे भवितव्य बहुधा जिल्ह्याच्याच न्यायालयात, साक्षीपुराव्याच्या टप्प्यावर ठरे आणि बचावाच्या वकिलास विशेष महत्त्व असे. या क्षेत्रात खापर्डे यांनी अल्पावधीत अग्रस्थान मिळविले. संस्कृत व इंग्रजीचा व्यासंग, विनोदी वक्तृत्व आणि सढळ आतिथ्य यांमुळे ते ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणून ओळखले जात. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. कलकत्त्याच्या शिवाजी उत्सवास (१९०६) ते टिळक व डॉ. मुंजे यांच्यासमवेत गेले होते.

टिळकांशी त्यांचा संबंध न्यायालयीन लढ्यांतूनही दृढ झाला. पुण्याच्या बाबा महाराजांच्या मृत्युपत्राचे टिळकांप्रमाणेच तेही विश्वस्त होते. १९०१ मध्ये औरंगाबादेस झालेल्या दत्तकविधीवरून ताई महाराज प्रकरण उद्‌भवले. त्यात खोट्या साक्षीच्या आरोपावरून टिळकांना १९०३ मध्ये शिक्षा झाली. ती उच्च न्यायालयाने १९०४ मध्ये रद्द केली. मूळ दिवाणी वाद १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने निकालात काढला.

केसरीतील लेखांबद्दल टिळकांवरील राजद्रोहाचा खटला जुलै १९०८ मध्ये मुंबईत चालला. मूळ लेख मराठी; पण नऊ ज्यूरींपैकी सात यूरोपीय व दोन पारशी असल्याने खटल्याची भिस्त इंग्रजी भाषांतरांवर राहिली. सात विरुद्ध दोन अशा मताने टिळक दोषी ठरले आणि २२ जुलै रोजी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागण्यासाठी खापर्डे १५ ऑगस्ट १९०८ रोजी इंग्लंडला निघाले. भरभराटीचा व्यवसाय सोडून त्यांनी तेथे सुमारे दोन वर्षे काढली. तथापि प्रिव्ही कौन्सिल हे फौजदारी अपिलाचे सर्वसाधारण न्यायालय नव्हते. न्यायप्रक्रियेची उघड पायमल्ली होऊन घोर अन्याय झाला असेल, तरच ते हस्तक्षेप करी. हे तत्त्व डिलेट प्रकरणात (१८८७) प्रस्थापित झाले होते. ज्यूरींची रचना वा भाषांतरातील दोष या कसोटीस पुरे पडले नाहीत व अर्ज फेटाळला गेला. साक्षीपुराव्याच्या बळावर बचाव उभा करणाऱ्या वकिलास येथे वावच नव्हता. त्यानंतरही खापर्डे यांनी इंग्लंडमध्ये टिळकांच्या सुटकेसाठी खटपट चालू ठेवली. परतताना त्यांनी ऑक्टोबर १९१० मध्ये मंडालेच्या तुरुंगात टिळकांची भेट घेतली. डिसेंबर १९१० मध्ये ते प्रथम शिर्डीस गेले व १९११-१२ च्या हिवाळ्यात तेथे दीर्घकाळ राहिले. त्या दिवसांच्या नोंदी साईबाबांच्या चरित्राचे समकालीन साधन मानल्या जातात.

पुढे केंद्रीय विधिमंडळाचे सभासद या नात्याने त्यांनी १९१९ मध्ये रौलट विधेयकास विरोध केला. ज्यूरी व अपील यांवाचून खटले चालविण्याची तरतूद त्यात होती. त्याच वर्षी ते स्वराज्याच्या मागणीसाठी पुन्हा इंग्लंडला गेले. टिळकांच्या निधनानंतर (१९२०) गांधीजींचे असहकाराचे धोरण त्यांस पटले नाही. काँग्रेसपासून दूर होऊन ते कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले. उत्तरायुष्यात त्यांचा राजकीय प्रभाव ओसरला. अमरावती येथे त्यांचे निधन झाले.

इंग्रजीत लिहिलेल्या त्यांच्या रोजनिशा दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केल्या आहेत. टिळकयुगातील राजकारणाच्या अभ्यासास त्या उपयुक्त आहेत. खापर्डे यांचा सर्वांत मोठा खटला असफल झाला. मात्र आरोपीचा बचाव हे सार्वजनिक कर्तव्य मानून त्यांनी त्यासाठी आपली वकिली पणास लावली, यातच त्यांच्या कारकिर्दीचे महत्त्व आहे.