खाली आपण, वर भाडेकरू : घरपट्टीतील कल्पित भाड्याचा इतिहास

लातूर किंवा नांदेडमध्ये घर घेणाऱ्या अनेक कुटुंबांचा हिशेब आज असा असतो : तळमजल्यावर आपण राहावे, वरच्या खोल्या शिकवणीसाठी आलेल्या विद्यार्थ्यांना द्याव्यात आणि त्या भाड्यातून बँकेचा हप्ता भागवावा. या हिशेबात घरपट्टी शेवटच्या ओळीत येते, आली तर. ती पहिल्या ओळीत का असावी, हे जुने कायदे सांगतात. आजचा धागा त्यांविषयी.

घरपट्टी घराच्या किमतीवर बसते, असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील मूळ कसोटी मात्र वेगळी आहे : हे घर भाड्याने दिले, तर वर्षाकाठी वाजवी भाडे किती येईल? त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की उरते ते करयोग्य मूल्य. ही कसोटी इंग्लंडची. तेथील पॅरिशच्या करांसाठी १८३६ च्या कायद्याने ती स्पष्ट केली आणि मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यातही तिला स्थान मिळाले. म्हणजे स्वतःच्या घरात राहणारा मालकही कायद्याच्या लेखी स्वतःचाच कल्पित भाडेकरू! वर खरा भाडेकरू आला की कल्पनेची गरज उरत नाही. प्रत्यक्ष भाडे हाच पुरावा ठरतो.

हे कल्पित भाडे दीर्घकाळ आटोक्यात राहिले, त्याचे एक कारण भाडेनियंत्रण. मराठवाड्यात त्याची कथा निराळी आहे. निजामी राजवट सप्टेंबर १९४८ मध्ये संपली, १९५६ मध्ये हा प्रदेश द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. तरी येथील भाडेकरू हैदराबाद राज्याच्या १९५४ च्या घरभाडे नियंत्रण कायद्याखालीच राहिला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० रोजी अमलात आला, तेव्हा कुठे राज्याला एक कायदा मिळाला. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने आधी कलकत्त्याच्या पद्मादेबी खटल्यात आणि पुढे दिल्लीच्या दिवाण दौलतराय कपूर खटल्यात तत्त्व घालून दिले : भाडेनियंत्रण कायद्याने मान्य केलेल्या भाड्यापलीकडे करासाठी भाडे कल्पिता येणार नाही.

१९९९ च्या कायद्यातील दोन तरतुदी आपल्या विषयाला थेट भिडतात. मालक स्वतः राहतो त्याच जागेचा काही भाग परवान्याने ज्याला दिला जातो, तो ‘पेइंग गेस्ट’, अशी व्याख्या त्यात आहे. ‘खाली आपण, वर भाडेकरू’ या व्यवस्थेचे इतके नेमके वर्णन मला अन्यत्र सापडले नाही. दुसरी तरतूद कलम ५५ ची. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. मालकाला संरक्षण देणारा हाच कागद कर विभागाला खरे भाडेही सांगतो.

फरक किती पडतो? केवळ उदाहरणादाखल आकडे घेऊ. वरच्या मजल्याचे भाडे महिना १२,००० रुपये. वर्षाचे १,४४,०००; १० टक्के वजा जाता १,२९,६००. सर्व कर मिळून ३० टक्के धरले तर घरपट्टी ३८,८८० रुपये, म्हणजे जवळजवळ सव्वातीन महिन्यांचे भाडे. तोच मजला स्वतःच्या वापरात दाखवून महिना ३,००० रुपये कल्पित भाडे धरले गेले असेल, तर कर ९,७२०. घर विकणारा हीच जुनी पावती दाखवतो आणि घेणारा तिच्यावर आपला हिशेब उभारतो. पुण्यात १९७० पासून स्वतः राहणाऱ्या मालकांना ४० टक्के सवलत होती. मध्यंतरी ती थांबली आणि २०२३ मध्ये पुन्हा मिळाली. त्यावरून उठलेला गदारोळ आठवला, तर ‘स्वतःचा वापर’ या दोन शब्दांची किंमत कळते.

आता नांदेड की लातूर? नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ ची. लातूर २०११ पर्यंत नगरपरिषद होते, म्हणजे १९६५ च्या नगरपरिषद कायद्याखाली. आज कायदा एकच असला, तरी विभागवार भाडेदर आणि शेवटच्या फेरआकारणीचे वर्ष प्रत्येक शहराचे स्वतःचे. माझ्या मते कराच्या टक्क्यापेक्षा याच दोन गोष्टी अधिक बोलक्या आहेत. फेरआकारणी लांबलेल्या शहरातील स्वस्त घरपट्टी ही बहुधा उद्याची वाढ असते.

हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीत कर कमी, म्हणून तिकडे घर घ्यावे, असाही सल्ला दिला जातो. ग्रामपंचायतीची आकारणी आता भांडवली मूल्यावर होते. तेथे भाड्याचा आकडा थेट मोजला जात नाही, हे खरे. पण हद्दी सरकतात. ‘नांदेड-वाघाळा’ या नावातच एका गावाचे शहरात विलीन होणे नोंदलेले आहे.

राहिली थकबाकी. मालमत्ता कराचा बोजा मालमत्तेवरच असतो. मालक बदलला तरी तो सुटत नाही. थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती चढते. विद्यार्थ्यांसाठी विनापरवाना चढवलेला मजला असेल, तर कलम २६७अ ची वेगळी शास्ती. २००८ मध्ये हे कलम आले तेव्हा ती कराच्या दुप्पट होती. म्हणून इसार देण्यापूर्वी विक्रेत्याकडून तीन कागद मागावेत : थकबाकी नसल्याचा दाखला, बांधकाम परवानगी आणि आकारणीच्या नोंदवहीचा उतारा. त्या उताऱ्यात वरचा मजला कोणाच्या वापरात दाखवला आहे, ते आधी पाहावे.